बीबीसी आणि चॅनल फोरचा सिनेमा: पैसेही त्यांचे, समीक्षकही त्यांचेच?

पडदानशीन

'संतोष' या सिनेमावरच्या धाग्यात अवांतर फारच वाढलं, म्हणून हा वेगळा धागा काढते. तिथे कुणीतरी विचारलं होतं की उत्तर भारतातल्या हवालदार बाईची गोष्ट, तीही हिंदीत, आणि सिनेमा ऑस्करला ब्रिटनकडून कसा काय गेला? याचं तांत्रिक उत्तर सोपं आहे. दिग्दर्शिका संध्या सूरी ब्रिटिश, आणि पैसे घालणाऱ्यांत बीबीसी फिल्म आणि ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट होते. पण त्याच्या मागचा प्रश्न मला जास्त रंजक वाटतो. टीव्ही चालवणाऱ्या सरकारी-निमसरकारी संस्थेला सिनेमा काढायचा नाद लागतो कुठून? आणि तीच संस्था रेडिओ-टीव्हीवर परीक्षणंही करत असेल, तर त्या परीक्षणाला काय किंमत द्यायची?

सुरुवात करावी लागते ती 1966 पासून. 16 नोव्हेंबरला बीबीसीने केन लोचचं 'कॅथी कम होम' दाखवलं. नावाला ते 'वेन्सडे प्ले' मालिकेतलं नाटक, पण लोचने कॅमेरा स्टुडिओतून उचलून सरळ रस्त्यावर नेला. एक तरुण जोडपं, भाड्याचं घर सुटतं, मग त्याहून वाईट घर, मग निवारा, शेवटी सरकारी माणसं आईच्या हातातून मुलं ओढून नेतात. साधारण 1 कोटी 20 लाख लोकांनी ते पाहिलं. थिएटरात गेला असता तर एवढे प्रेक्षक या विषयाला कधीच मिळाले नसते. तेव्हा बीबीसीत असं बरंच चांगलं काम होत होतं, पण ते टीव्हीवर लागायचं आणि संपायचं. कलाकार-तंत्रज्ञांच्या संघटनांशी केलेले करार टीव्हीपुरते, त्यामुळे थिएटरची वाट जवळजवळ बंदच.

ती वाट उघडली ब्रिटनच्याच चॅनल फोर या वाहिनीने. 2 नोव्हेंबर 1982 ला वाहिनी सुरू झाली आणि पहिल्याच रात्री त्यांनी 'वॉल्टर' दाखवला. दिग्दर्शक स्टीफन फ्रिअर्स, मुख्य भूमिकेत इयन मॅकेलन, गोष्ट एका मतिमंद माणसाची आणि त्याला जिथे डांबलं जातं त्या संस्थेची. उद्घाटनाच्या रात्री असलं काही दाखवायला छाती लागते. वाहिनीचे पहिले प्रमुख जेरेमी आयझॅक्स, आणि चित्रपट विभाग त्यांनी सोपवला डेव्हिड रोझ यांच्याकडे. रोझ बीबीसीच्या बर्मिंगहॅम केंद्रातून आलेले, म्हणजे लंडनच्या बड्या मंडळींपासून लांब राहून नवे लेखक घडवलेला माणूस. वर्षाला साधारण 20 चित्रपट, एकेकाला सरासरी 3 लाख पौंड, असा तो संसार होता. हॉलिवूडमध्ये एवढ्यात एका नटाचंही भागलं नसतं.

त्यातलाच एक 'माय ब्यूटिफुल लाँड्रेट', 1985 चा. हनीफ कुरेशी यांची पटकथा, परत फ्रिअर्स, 16 मिमीवर चित्रित, तोही टीव्हीसाठीच. लंडनमधला पाकिस्तानी वंशाचा मुलगा, त्याचा गोरा मित्र आणि प्रियकर, आणि एक कपडे धुण्याचं दुकान. सईद जाफरी आणि रोशन सेठ ज्यांनी त्यात पाहिले नाहीत त्यांनी आजच पाहावेत. एडिंबरा महोत्सवात लोकांनी तो इतका उचलून धरला की थिएटरात लावावा लागला आणि पुढे कुरेशींना ऑस्कर नामांकनही मिळालं. पटकथा आधी एखाद्या मोठ्या स्टुडिओकडे गेली असती तर 'हा कोण बघणार?' एवढं विचारून परत आली असती.

आता परीक्षणाकडे. बीबीसीवर 1971 पासून 'फिल्म' नावाचा कार्यक्रम होता, नावापुढे त्या त्या वर्षाचा आकडा, म्हणजे 'फिल्म 72', 'फिल्म 85' असं. बॅरी नॉर्मन यांनी तो 1998 पर्यंत सांभाळला, मग जोनाथन रॉस, मग क्लॉडिया विंकलमन, आणि 2018 ला बंद. रेडिओवर 2001 पासून मार्क कर्मोड आणि सायमन मेयो ही जोडी, ती 2022 ला बीबीसीतून बाहेर पडली. दोन्हीकडे बीबीसीच्या पैशातून बनलेल्या सिनेमांचीही परीक्षणं व्हायची.

माझं मत असं की ही व्यवस्था इतकी वर्षं चालली कारण सिनेमाला पैसे द्यायला 'हो' म्हणणाऱ्याला प्रत्येक वेळी वर विचारायला जावं लागत नव्हतं आणि समीक्षकाला 'हो' म्हणणाऱ्याचं तोंड बघून बोलावं लागत नव्हतं. दोघांचा पगार एकाच घरातून, पण मजले वेगळे. पटत नसेल तर हाणा.

खवट

हाणतोच. हॉटेलातल्या वेटरला 'आज काय चांगलं आहे' विचारल्यावर तो कधी 'काहीच नाही, समोरच्या खानावळीत जा' म्हणतो का? बीबीसीचा समीक्षक बीबीसीच्या सिनेमाला 'बरा आहे' म्हणतो तेव्हा मी तो 'वाईट आहे' असंच धरतो. आणि नॉर्मनसाहेबांच्या कार्यक्रमात अर्धा वेळ मुलाखती असायच्या. ज्या नटाला खुर्ची देऊन बसवलंय त्याच्या सिनेमाला पाच मिनिटांनी शिव्या घालणार? मजले वेगळे असतील, जिना एकच आहे.

मिरची_साउथॉल

पडदानशीनताई, धागा छान, पण एक गोष्ट ठळक करायला हवी होती. चॅनल फोरला लायसन्स फी, म्हणजे टीव्ही बघणाऱ्या घरांनी दरवर्षी भरायची फी, मिळत नाही. मालकी सरकारची, पण पोट जाहिरातींवर. बीबीसी लायसन्स फीवर चालते. आम्ही इथे वर्षाला एप्रिल 2025 पासून 174.50 पौंड भरत होतो, तो सगळा बीबीसीचा कारभार. दोघांना एका दावणीला बांधू नका, इथली माणसं चिडतात. 😄

आठवणींचं म्हणाल तर आमच्या पिढीला चॅनल फोर म्हणजे आधी हिंदी सिनेमा. रात्री उशिरा लागायचे, खाली सबटायटल्स, व्हीसीआर लावून झोपायचं आणि शनिवारी बघायचं. ते सगळं करण्यामागे नसरीन मुन्नी कबीर. त्यांची 'मूव्ही महल' मालिका ऐंशीच्या दशकात तिथेच आली, मग गुरु दत्तवरची, मग लताबाईंवरची. लताबाई बोलतात आणि कॅमेरा गप्प बसून ऐकतो, असं तेव्हा आपल्याकडे तरी कुणी केलं होतं? सिनेमावर बोलणं म्हणजे फक्त तारे देणं नव्हे, हे मला त्या मालिकांनी शिकवलं.

नॉर्मन यांच्याबद्दल अवांतर: त्यांनी पुढे स्वतःच्या नावाने मुरवलेले कांदे विकायला काढले. इथल्या सुपरमार्केटात बरणीवर त्यांचं नाव. समीक्षकाला खाण्यापिण्याच्या धंद्यात खरी प्रतिष्ठा मिळते, हे खवटरावांच्या वेटरला कळवा.

हिशेबनीस

आकड्यांशिवाय वाद घालू नये म्हणून थोडी आकडेमोड. बीबीसी फिल्मचं वार्षिक बजेट बरीच वर्षं 1 कोटी 10 लाख पौंडांच्या आसपास सांगितलं जातं. लायसन्स फीचं एकूण उत्पन्न साधारण 380 कोटी पौंड. म्हणजे शंभर पौंडांतले तीस पेन्ससुद्धा नाहीत. मिरचीताईंच्या घराच्या वाट्याला वर्षाला जेमतेम अर्धा पौंड येतो. त्यात एक चहाही येत नाही तिथे.

आणि 'बीबीसीचा सिनेमा' म्हणजे बीबीसीने सगळे पैसे घातले असं जवळजवळ कधीच नसतं. वाहिनी साधारण दोन प्रकारे पैसे देते. एक, पुढे टीव्हीवर दाखवायच्या हक्काचे आगाऊ पैसे. दोन, भागीदार म्हणून गुंतवणूक, जी नफा झाला तर परत येते. उरलेलं ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या (बीएफआय) लॉटरी निधीतून, करसवलतीतून, परदेशी विक्री करणाऱ्या कंपन्यांकडून. म्हणून सुरुवातीला एकापाठोपाठ एक पाट्या येत राहतात आणि आपण 'अरे सुरू कर की' म्हणतो. पहिली पाटी महत्त्वाची. एका विश्वासू संस्थेने हात घातला की बाकीचे पुढे येतात. नव्या दिग्दर्शकाला त्याचाच खरा उपयोग. शार्लट वेल्स यांचा 'आफ्टरसन' 2022 चा, त्यांचा पहिलाच मोठा चित्रपट. बापलेकीची सुट्टी, घडत काहीच नाही. अशा कागदावर पहिली सही कोण करणार?

पॉपकॉर्नवाला

मी आहे, चालू द्या. 🍿

पडदानशीन

मिरचीताई, मान्य. आणि लताबाईंच्या मालिकेची आठवण काढलीत, आता ती कुठे मिळेल शोधणं आलं.

खवटराव, कर्मोड ऐकला नाहीत तुम्ही. हा माणूस भयकथांवर पीएचडी केलेला, 'एक्सॉर्सिस्ट' हा त्याच्या लेखी जगातला सर्वोत्तम चित्रपट, आणि राग आला की शुक्रवारी दुपारी बीबीसीच्याच रेडिओवर दहा-दहा मिनिटं एका दमात शिव्या. 2010 ला 'सेक्स अँड द सिटी 2' पाहून आला तेव्हा इतका भडकला होता की मध्येच कामगारांचं 'इंटरनॅशनल' गाऊ लागला. समोर मेयो शांतपणे 'बरं, बरं' करतोय. लोक सिनेमा पाहायचे नाहीत, परीक्षण ऐकायचे.

या दोघांनी थिएटरात वागण्याची एक आचारसंहिताही केली होती. बोलायचं नाही, समोरच्या खुर्चीला लाथा नाहीत, बूट काढायचे नाहीत, उशिरा यायचं नाही, मोबाईल नाही, आणि खायचंच असेल तर आत काही न भरलेला मऊ पाव, त्याहून जास्त आवाज करणारं काही नाही. आपल्याकडच्या मल्टिप्लेक्समध्ये हे मराठीतून लावलं तर नाचोजवाल्यांचा धंदा बसेल.

मुद्दा असा की सिनेमा बघणारे लोक मूर्ख नसतात. समीक्षक मालकाचं गुणगान करतो म्हटल्यावर दोन महिन्यांत त्याचा कार्यक्रम ऐकणं बंद होतं. कर्मोडची श्रोत्यांत पत होती ती याच कारणामुळे. तुमचा मुलाखतीचा आक्षेप मात्र खरा आहे. तो बीबीसीपुरता नाही, सगळ्या माध्यमांना लागू आहे, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

अण्णा_ग्रँटरोड

उशिरा आलो. इथे सगळे लंडनच्या चष्म्यातून बघताहेत म्हणून जरा आमच्या बाजूचं.

'सलाम बॉम्बे' 1988 चा. आमच्या ग्रँट रोड-कामाठीपुऱ्यातली पोरं, रघुवीर यादव, नाना पाटेकर. पैशांत चॅनल फोर होतं, एनएफडीसी (आपलं सरकारी चित्रपट विकास महामंडळ) होती आणि आपलं दूरदर्शनही होतं. हे आज सांगितलं तर पोरं विश्वास ठेवत नाहीत. फ्रान्सच्या कान महोत्सवात त्याला पहिल्या चित्रपटाचा कॅमेरा द'ऑर मिळाला. त्या सिनेमातून रस्त्यावरच्या मुलांसाठी सलाम बालक ट्रस्ट उभा राहिला, तो अजून काम करतोय. हा सगळा हिशेब जमेच्या बाजूला.

मग 'बँडिट क्वीन'. चॅनल फोरमध्ये तेव्हा बहुसांस्कृतिक कार्यक्रमांचे संपादक फारूख धोंडी, आपल्या पुण्याचे. दिग्दर्शक शेखर कपूरकडे हा विषय त्यांच्याकडून आला. पटकथा माला सेन यांची, त्यांनी फूलनदेवीवर आधी पुस्तक लिहिलं होतं. 1994 ला कानला दाखवला, आणि तोवर तुरुंगातून सुटलेल्या फूलनदेवीच म्हणाल्या, माझ्यावरचे अत्याचार माझ्या परवानगीशिवाय पडद्यावर कसे दाखवता? अरुंधती रॉय यांनी त्यावर जे लिहिलं ते आजही वाचावं. शेवटी वाहिनीने न्यायालयाबाहेर तडजोड केली. इकडे सेन्सॉर, दिल्ली उच्च न्यायालयाची बंदी, आणि 1996 ला सर्वोच्च न्यायालयाने सिनेमा मोकळा केला.

मला सीमा बिस्वास थोर वाटतात, नुसरत फतेह अली खानांचं संगीत थोर वाटतं, सिनेमाही मोठा वाटतो. तरी विचारतो, लंडनमधल्या कचेरीत बसून चंबळच्या बाईच्या आयुष्याला 'हो' म्हणणं सोपं नाही का? ब्रिटनमधल्या एखाद्या जिवंत बाईबद्दल, तिला न विचारता, असं करायची यांची हिंमत झाली असती? पडदानशीनताई, तुमच्या 'हो म्हणणाऱ्याला वर विचारावं लागत नव्हतं' या कौतुकाची ही दुसरी बाजू. त्याने खालीही विचारलं नाही.

तळटीप

अण्णा, शेवटचं वाक्य कापून ठेवतो.

त्याच 'हो-नाही'मध्ये बीबीसीच्या 'नाही'ची भर घालतो, ती इथे अजून आली नाही. 1965 ला पीटर वॉटकिन्सने बीबीसीसाठीच 'द वॉर गेम' केला. ब्रिटनवर अणुबॉम्ब पडला तर केंटमध्ये काय होईल, हे बातमीपटाच्या ढंगात. बीबीसीने पाहिला, घाबरली, आणि टीव्हीवर दाखवायला नकार दिला. थिएटरांत मात्र लागला, आणि त्याला माहितीपटाचं ऑस्कर मिळालं! टीव्हीवर आला 1985 ला, म्हणजे वीस वर्षांनी. मग 1977 ला अ‍ॅलन क्लार्कचा 'स्कम', बालगुन्हेगारांच्या तुरुंगावरचा. तोही बीबीसीनेच बनवला आणि बीबीसीनेच कपाटात टाकला. क्लार्कने 1979 ला तोच विषय, बरेचसे तेच नट घेऊन थिएटरसाठी पुन्हा चित्रित केला. मूळ प्रत टीव्हीवर यायला 1991 उजाडलं.

म्हणजे ज्या काळाचं आपण 'तेव्हा कुणी वर विचारत नव्हतं' म्हणून कौतुक करतोय, त्या काळात वरून कात्री चालायचीच. फक्त ती सिनेमा बनून झाल्यावर चालायची. आज पटकथेच्या पानावर चालते, म्हणून दिसत नाही. मला आधीचीच बरी वाटते. निदान सिनेमा अस्तित्वात तरी यायचा.

खवट

तळटीपरावांनी माझं अर्धं काम केलं. उरलेलं मी करतो. चॅनल फोरच्या यशाचे आकडे सगळे सांगतात. 'फोर वेडिंग्ज' 1994 ला 30 लाख पौंडांच्या आत बनला आणि जगभरात 24 कोटी डॉलरच्या वर गेला, 'ट्रेनस्पॉटिंग' 15 लाख पौंडांत झाला, वगैरे. मग काय झालं ते सांगा की! डोक्यात हवा गेली. 1998 ला चॅनल फोरने स्वतंत्र स्टुडिओ काढला, फिल्मफोर. मोठी बजेटं, अमेरिकन भागीदार, वितरणही स्वतःच. 'शार्लट ग्रे' आपटला, आणखी दोन-चार आपटले, आणि 2002 ला दुकान बंद. वाहिनीच्या आत छोटा विभाग म्हणून परत गेले. सार्वजनिक वाहिनीने बाजाराच्या खेळात उतरू नये, हे त्यांनाच चार वर्षांत कळलं.

हिशेबनीस

पण खवटराव, तो छोटा झालेला विभागच टेसा रॉस यांच्या हाताखाली 'स्लमडॉग'पर्यंत पोहोचला ना? 2008, बजेट साधारण दीड कोटी डॉलर, आठ ऑस्कर. अमेरिकेतली मूळ वितरक कंपनी मध्येच बंद पडली, सिनेमा थेट डीव्हीडीवर जातो की काय अशी वेळ होती. आणि डॅनी बॉइलच्या पहिल्या 'शॅलो ग्रेव्ह'लाही चॅनल फोरचाच पैसा होता. एका दिग्दर्शकावर एवढी वर्षं डाव लावायचा, हे फक्त नफा बघणारा करत नाही.

अण्णा_ग्रँटरोड

स्लमडॉगचं नाव काढू नका, तो वेगळा धागा होईल आणि तिसऱ्या पानावर शिवीगाळ. 😄 सीएसटीवरचं गाणं सोडून मला त्यात आपली मुंबई दिसली नाही, एवढं नोंदवून थांबतो.

नवी_पालवी

मी वाचनमात्र असते, पण विचारते. हे सगळं बघायचं असेल तर सुरुवात कुठून करू? आणि आपल्याकडे असं काही झालंच नाही का? 'एक होता विदूषक' एनएफडीसीचा होता ना?

पडदानशीन

पालवी, हो, 1992 चा, जब्बार पटेल, पुलंची पटकथा, आणि लक्ष्मीकांत बेर्डेंकडे बघायची नजरच बदलते. पण एनएफडीसीकडे स्वतःची वाहिनी नव्हती आणि दूरदर्शनकडे डेव्हिड रोझ नव्हते. चॅनल फोरमध्ये बनवणारा आणि दाखवणारा एकच होता, त्यामुळे निदान एका रात्री तरी सिनेमा सगळ्या देशाच्या घरात पोहोचायचा. आपल्याकडे चांगला सिनेमा बनून डब्यात पडायचा, आणि मग पुण्यातल्या फिल्म सोसायटीत चाळीस माणसं बघायची.

बघायचं म्हणशील तर लोचचे दोन पाठोपाठ बघ. 'कॅथी कम होम' आणि 2016 चा 'आय, डॅनियल ब्लेक', मधे बरोबर पन्नास वर्षं. दुसऱ्यात न्यूकॅसलमधला सुतार, हृदयविकाराचा झटका आलेला, डॉक्टर म्हणतात काम करू नको, सरकारी फॉर्म म्हणतो तू ठणठणीत आहेस. अन्नपेढीतला प्रसंग एकटीने बघू नकोस. कानला पाम द'ऑर हे सर्वोच्च पारितोषिक मिळालं, ब्रिटिश संसदेत विरोधी पक्षनेत्याने पंतप्रधानांना 'हा बघा' म्हणून सुनावलं, आणि आधीचे कल्याणमंत्री म्हणाले की हे एकतर्फी आहे. यात बीबीसीचा पैसा. सरकारच्या कारभारावर असा सिनेमा, आणि लायसन्स फी किती असावी हे ठरवणारंही तेच सरकार. अण्णांचा आक्षेप मला अजून सोडवता आलेला नाही, पण हा सिनेमा मी खवटरावांच्या वेटरसमोर ठेवीन.

मिरची_साउथॉल

पालवी, लोच आधी नको गं, दोन दिवस जेवण जाणार नाही. 'भाजी ऑन द बीच' बघ, गुरिंदर चढ्ढा, 1993, तोही चॅनल फोरचाच. बायकांची मिनीबस, ब्लॅकपूलचा समुद्र, आणि प्रत्येकीचं वेगळं भांडण. माझ्या सासूबाईंना त्यातल्या निम्म्या बायका ओळखीच्या वाटल्या होत्या.

खवट

'डॅनियल ब्लेक' मी पाहिलाय. चांगला आहे. म्हणून वेटर बदलत नाही.

आणि 'संतोष'वर कोणीच परत आलं नाही. धागा त्यावरून सुरू झाला होता. ब्रिटनमध्ये लागला, ऑस्करच्या अंतिम पंधरांत गेला, आणि इथे 2025 ला सेन्सॉरने इतके काप सुचवले की प्रदर्शनच अडलं. 'बँडिट क्वीन'ला निदान कोर्टाने सोडवलं होतं.

अण्णा_ग्रँटरोड

तेव्हा सेन्सॉरच्या निर्णयावर अपील ऐकणारं न्यायाधिकरण होतं, खवट. ते 2021 ला रद्द केलं. आता थेट उच्च न्यायालय, आणि तिथला खर्च छोट्या निर्मात्याला झेपत नाही. यावर वेगळा धागा काढतो, मला रविवारपर्यंत वेळ द्या.